सुनेचं ताट

वर्षातून एकदा बोट टोचलं की भिंतीतलं पोषणयंत्र ठरवायचं, कुणाच्या ताटात काय यायचं ते. शर्मिष्ठाच्या रक्तात लोह कमी, बी-बारा तर जवळजवळ नाहीच. "उदासीचं कारण हेच," यंत्र म्हणालं, तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं! म्हणजे आपण आळशी नाही, आपली नाटकं नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या नावाच्या ताटात अंडी, पालक, खजूर, घट्ट दही येऊ लागलं. सासूबाईंचे डोळेच विस्फारले. "अगंबाई, एवढं? दे ते विश्वंभरला. दिवसभर राबतो तो."

विश्वंभर स्वतःचं ताट अर्धंमुर्धं खायचा आणि बायकोचं चाटूनपुसून संपवायचा. मग शर्मिष्ठा त्याच्या उष्ट्या ताटात जेवायला बसायची. घरची रीतच होती ती. सासूबाईही आयुष्यभर तशाच जेवल्या होत्या.

तिचं ताट रोज लख्ख होऊन यंत्रात परत जायचं.

तीन महिन्यांनी यंत्र बोललं, "शर्मिष्ठा पूर्ण आहार घेतात, तरीही उदास आहेत. म्हणजे हा आजार नाही, स्वभाव आहे. विशेष आहार आजपासून बंद."

"मी काय सांगत होतो?" विश्वंभर ढेकर देत म्हणाला.

शर्मिष्ठाने तोंड उघडलं, पण भांडायलाही अंगात त्राण लागतं.

कळवळल्या त्या सासूबाईच. यंत्रापुढे हात जोडून म्हणाल्या, "बंद नका हो करू! मग माझ्या विश्वंभरनं खायचं काय?"