कानामागचा व्रण

ओबेड साक्षीदार म्हणून कुणाला घेऊन येतोय, हे जकात कचेरीच्या खिडकीतून दिसलं आणि तबिथा क्रोवेल खिडकीपासून मागे सरली. मुलाच्या मागून केझिया येत होती. वीस वर्षांपूर्वी हीच बाई त्याला सांभाळायला होती, आणि तबिथानंच तिला घरातून काढलं होतं.

ओबेडचा तरी काय दोष? गलबत दुपारच्या ओहोटीला सुटणार होतं. कारकून लोथ्रोप म्हणाले, आईचा शब्द एकटा चालत नाही, जन्मापासून ओळखणारं आणखी कुणीतरी आणा. सुईण देवाघरी गेलेली, बाप समुद्रानं नेलेला. न्यू बेडफर्डात उरली ती केझियाच.

खलाशानं जवळ बाळगायचा तो कागद लहानसाच होता. हा मनुष्य अमेरिकेचा नागरिक आहे, एवढंच त्यात लिहायचं. पण इंग्रजांच्या लढाऊ जहाजांना खलाशी कमी पडले की ते आमची गलबतं अडवायचे आणि धडधाकट गडी उचलून न्यायचे. वर म्हणायचे, हे आमचेच पळालेले लोक. आमचा देश जेमतेम तीस वर्षांचा; बोली एक, रंग एक, नावंसुद्धा एकाच बायबलातली. वेगळेपण दाखवायचं तरी कुठून? गावातला एक पक्ष म्हणे, लढा. दुसरा म्हणे, व्यापार सांभाळा. वॉशिंग्टनहून लंडनला खलित्यांवर खलिते जात होते, आणि तिथं ते कुणी वाचत असेल अशी दोन्ही पक्षांत कुणाचीच समजूत नव्हती.

म्हणून कागदावर अंगावरची खूण लागायची. लोथ्रोपनी ओबेडला खाली वाकवलं, केस बाजूला सारले आणि डाव्या कानामागचा बोटभर व्रण पाहून ते खूश झाले.

"खूण उत्तम आहे. पण कशानं झाली तेही लिहितो मी," ते म्हणाले. "गेल्या खेपेला आपले तीन गडी नेले. एकाच्या कागदावर नुसतं 'हातावर व्रण' होतं. इंग्रज अधिकारी म्हणाला, कुठल्या खलाशाच्या हातावर नसतो? आता ते आधी माणसाला विचारतात, मग कागद बघतात. दोन्ही जुळलं तरच सोडतात."

ओबेडनं लहानपणापासून ऐकलेलं सांगून टाकलं. दोन वर्षांचा असताना तो केझियामावशीच्या कडेवरून पडला, उंबऱ्याच्या दगडावर आपटला. वर मावशीची थट्टाही केली, की तुझ्या धांदरटपणानंच आता माझा जीव वाचणार बघ. केझिया हसली नाही, रागावलीही नाही.

लोथ्रोपनी तसं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. केझिया क्वेकर पंथाची. त्या लोकांत शपथ घ्यायची नाही, कुणालाही अहो-जाहो करायचं नाही आणि खोटं तर मुळीच बोलायचं नाही. तिनं ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. मग लेखणी खाली ठेवली.

"मुलगा इथलाच आहे, हे मी सांगते," ती लोथ्रोपना म्हणाली. "पण तू लिहिलंस तसं झालेलं नाही. यावर मी सही करणार नाही."

"मग कसं झालं?"

"मी घरात नव्हते. काय सांगू?"

तबिथाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बाहेर धक्क्यावर पिंपं गडगडत होती. तबिथाला वाटलं, म्हणावं, खूण राहू द्या, नुसती उंची आणि डोळ्यांचा रंग लिहा. तेवढ्यावर केझिया खुशाल सही करील. तिनं तोंड उघडलंही. पण ओबेड अजून तसाच वाकून उभा होता, केस बाजूला सारलेले, आणि तो व्रण तिच्यासमोर होता.

"मी ढकललं त्याला," तबिथा म्हणाली. "रडायचा थांबत नव्हता. याचे वडील सफरीवर, दोन रात्री माझा डोळ्याला डोळा नाही. ढकललं, आणि तो चुलीच्या दगडी कडेवर आपटला. केझिया विहिरीवर गेली होती. हे सफरीवरून परत आल्यावर मी तिचं नाव सांगितलं."

त्यानंतर गावात एकाही आईनं केझियाच्या हाती मूल दिलं नव्हतं. वीस वर्षं ती मेणबत्त्यांच्या कारखान्यात राबत होती. तबिथाला ते ठाऊक होतं. कारखाना टाळायला ती दर रविवारी चर्चला लांबच्या रस्त्यानं जायची.

लोथ्रोप खाकरले. त्यांनी पहिला कागद फाडला, नवा घेतला.

"'आईनं ढकलल्यामुळे' असं लिहू का, बाई?"

"लिहा."

केझियानं तोही कागद बोट फिरवत वाचला आणि सही केली. जाता जाता ती ओबेडजवळ थांबली आणि कानामागचे विस्कटलेले केस तिनं हातानं नीट बसवले. मग शाल सावरून निघून गेली.

ओबेडनं कागद मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवला. धक्क्यापर्यंत मायलेक बरोबर चालत गेले. गलबताला फळी लावलेली होती, वरून कुणीतरी त्याच्या नावानं हाका मारत होतं. निरोप कसा घ्यायचा हे तबिथाला कळेना. तो आता वळून न बघता वर जाईल, याची तिनं मनाशी तयारी केली होती.

ओबेड फळीशी थांबला.

"आई, इंग्रजांनी विचारलं तर मला हे पाठ असलं पाहिजे," तो म्हणाला. "पुन्हा एकदा सांग. पहिल्यापासून."