पांघरलेलं कातडं

लेक तनुजा गेल्यापासून शीला सुन्न बसून असायची. शिवशंकरनं भावाची पोरकी लेक मंजुळा घरी आणली, पण शीला तिला जवळही येऊ देईना. शेवटी तो तिला पुंडलिकनगरला, संमोहन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. मेंढपाळाचं घर म्हणून बाईंनी डोळे मिटलेल्या शीलाला कळपातलीच गोष्ट सांगितली. कोकरू मेलेल्या मेंढीपुढं पोरक्या कोकराला मेलेल्याचं कातडं पांघरवून सोडतात. ती हुंगते आणि पान्हा सोडते.

गुण लई लवकर आला. शीला आता पोरीला मांडीवर घेऊन भरवते, तिची वेणी घालते. शिवशंकर निर्धास्त झाला.



काल तनुजाचा झगा घातलेली मंजुळा त्याला हळूच म्हणाली, "काका, काकी मला तनुजाच म्हणती. कोकराचं कातडं तर नंतर काढतेत ना?"