दोन दिवसांचं पाणी

आठवड्यानं नळ आला, तसं बाबांनी घरातलं शिळं पाणी फेकलं. ताईला बघायला वरवट बकालचे पाहुणे येणार, म्हणून शरयूची माशांची टाकीही रोपांसकट घासून ताज्या पाण्यानं भरली. शरयू शाळेतून आली तेव्हा मासे पाण्यावर धापा टाकत होते. “बाबा, नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असते! दोन दिवस ठेवूनच टाका लागते, कितीदा सांगतलं!” “मेले तर मेले. ताईवरचं संकट माशायनं झेललं म्हणू,” बाबा हसले. जुनं पाणी मागत ती गल्लीभर फिरली; सगळ्यांनीच फेकलेलं. परतली तर पाहुणे बसलेले. त्यांना गार पाणी म्हणून परवा साठवणीतून भरलेला माठच तेवढा फेकायचा राहिला होता. तिनं टाकी अर्धी उपसली, पण माठ हलेना. पाहुण्यांसमोर खाली मान घालून बसलेली ताई उठली. दोघींनी माठ टाकीत ओतला. “पोरीहो, पाहुणे काय पेतीन?” बाबा ओरडले. “नळाचं,” ताई म्हणाली.