पूजेतला पाना

खंडेनवमीच्या पूजेला आबांनी पाटावर आपला ऊसतोडीचा कोयता मांडला. शेजारी मी माझा पाना ठेवला, तर त्यांनी तो उचलून जमिनीवर टाकला. "तुला बीए केलं ते नट आवळायला व्हय?" नोकरी मिळेना म्हणून मी नेकनूरच्या गॅरेजात काम शिकले, तेव्हापासून आबांना गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेवढ्यात जन्मभर आबांना 'ए आश्रुबा' म्हणत आलेले ट्रॅक्टरमालक चपला काढून दारात उभे राहिले. "रोहिणी मिस्त्री हायेत का? ट्रॅक्टर रस्त्यातच बंद पडलाय." "आज हत्यार चालवत न्हाईत," आई पुटपुटली. आबांनी पाना उचलला, धोतरानं पुसला, कोयत्यापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या हातात दिला. मी हळद पुसायला लागले. "ऱ्हाऊ दे तशीच," ते मालकांकडं बघत म्हणाले. "दिसू दे लोकांना, मिस्त्री कुणाची लेक हाय."