वरच्या खोलीतला टांझानिया

गोवर्धन सर वीस वर्षांपासून टांझानियाच्या कापूसवाल्यांवर लिहीत होते, तेही अकोल्याच्या जठारपेठेतून पाऊल न हलवता. आज आंतरराष्ट्रीय आफ्रिका परिषदेत ऑनलाइन बोलताना त्यांना गहिवरूनच आलं. "खंत एकच. टांझानियाच्या माणसाशी बोलायचा योग काही आला नाही."

पडद्यावरचे विद्वान हळहळले. तेवढ्यात एका चौकटीतून चक्क वऱ्हाडीत आवाज आला, "असं काहून म्हणता सर? मी बराका, टांझानियाचा. तुमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहून राहिलो. रोज सकाळी तुमी खालून ओरडता न मले, 'मोटर बंद कर!'"

नेमकी तेव्हाच टाकी भरली आणि पाणी धो धो अंगणात पडू लागलं. ओरडायला उघडलेलं तोंड सरांनी मिटलं, चपला घातल्या आणि आयुष्यातल्या पहिल्या अभ्यासदौऱ्यावर जिना चढायला लागले.