बहात्तरचा फॉन्ट

"अठ्ठेचाळीसही पुरेनासा झालाय बहुतेक," ती फोनवर मुलीला म्हणाली. "बाबा डोळे बारीक करून बसतात. उद्या बहात्तर करते."

मुलीने सगळं पुन्हा समजावलं. सेटिंगमध्ये जाऊन फॉन्टचा नेहमीचा आकार बदलायचा, प्रोग्रॅम बंद करून परत उघडायचा. नवा आकार नव्या फाइललाच लागतो, म्हणून जुनी यादी तिथे उतरवून घ्यायची. आईला हे आता पाठ झालं होतं. अकरापासून सुरुवात झाली, मग अठरा, मग अठ्ठावीस.

नवऱ्याने छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली होती. एक अनुस्वार निसटला तरी जेवण गोड लागायचं नाही, असा माणूस. आता डोळ्यांनीच दगा दिला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "रोज त्यांच्याकडून वाचून घ्या. अडखळायला लागले की त्याच दिवशी आणा. ऑपरेशन करता येईल. उशीर झाला, तर मग माझ्या हातात काही नाही."

म्हणून ही यादी. संध्याकाळी ती दुसऱ्या दिवशीची कामं स्प्रेडशीटमध्ये भरायची, शब्दन् शब्द मोठ्याने पुटपुटत, कारण त्याशिवाय तिची बोटं चालतच नसत. तो शेजारच्या खुर्चीत रेडिओ बारीक करून बसलेला असायचा. सकाळी तो यादी वाचायचा आणि ती जीव मुठीत धरून ऐकायची.

परवा तिच्या हातून 'पडद्यांना इस्त्री'च्या जागी 'पडद्यांना मिस्त्री' पडलं होतं. त्याने 'इस्त्री' वाचलं आणि साधा टोमणाही मारला नाही. किती मवाळ झाला हा माणूस, या विचाराने तिलाच भरून आलं.

"अहो, कमी दिसायला लागलं तर सांगाल ना?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"एवढ्या मोठ्या अक्षरात समोरच्या बिल्डिंगमधलेसुद्धा वाचतील," तो म्हणाला.

ती हसली. "तुम्ही वाचता म्हणून मला रात्री झोप लागते हो."

त्याने हात लांबवून रेडिओ लावला.

सकाळी तिने आकार बहात्तर केला, प्रोग्रॅम बंद करून उघडला, तोच दाराची बेल वाजली. खालची शेजारीण गच्चीतल्या टाकीची तक्रार घेऊन आली होती. बाईंच्या तोंडाला एकदा सुरुवात झाली की पूर्णविराम नसायचा.

आत खुर्ची सरकली आणि त्याचा आवाज आला. दहा वाजता प्लंबर. ताईंना फोन. चष्म्याच्या दुकानात जाणे. गाद्या उन्हात टाकणे. सहाच्या सहा कामं त्याने वाचली, कालच्यापेक्षाही भरभर.

दारात उभ्या उभ्या तिचे डोळे वाहू लागले. शेजारीण बिचारी वरमली, टाकीचं नंतर बघू म्हणत जिना उतरून गेली.

ती धावतच आत आली. इतके महिने उराशी धरलेली भीती आज उतरली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता नीट दिसतंय ना?"

"लख्ख," तो म्हणाला. "हाच आकार राहू दे."

मान डोलावत ती स्क्रीनकडे वळली. नवी फाइल कोरी होती. यादी तिने अजून उतरवलीच नव्हती.