जाते म्हणू नये

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून सासूबाईंची उत्तरं प्रश्नांच्या आधी येऊ लागली होती.

शर्मिष्ठाच्या मनात चहाचा विचारही नसायचा, आणि पलंगावरून आवाज यायचा, "आलं नको गं." मग तिचा हात आपसूक आल्याकडेच जायचा. एकदा ती हट्टाला पेटली. आलं सोडून खिडकीतल्या कुंडीकडे वळणार, तोच आतून आवाज आला, "गवती चहा चालेल."

"आईच्या मेंदूचा घोळ आहे यार, मनावर घेऊ नकोस," नवरा म्हणाला. शर्मिष्ठाला मात्र स्वतःच्याच मेंदूची धास्ती वाटू लागली.

आज दुपारी ती अभ्रे बदलत होती. सासूबाई म्हणाल्या, "जाते गं मी."

सुनेला दारातून मागे बोलावून आयुष्यभर त्यांनीच दटावलं होतं, जाते म्हणू नये. शर्मिष्ठाला हसू आलं. "येते म्हणावं ना, आई!"

"येऊ कशी? तू ठरवलंयस ना."

"मी? मी काहीच ठरवलेलं नाही!" ती अगदी खरं बोलत होती.

नवा अभ्रा केव्हाच चढला होता. उशी तिने अजून दोन्ही हातांत आडवी धरली होती.

ती खाली ठेवायची, एवढंच तिने ठरवलं.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.